लोहचुंबक कोणाला ओढतो आणि कोणाला नाही



वाशीम, कारंजा, मंगरूळपीर हा कापसाचा मुलूख. शेतातून बाजारात आणि बाजारातून जिनात येईपर्यंत त्या कापसात कुठे खिळा, कुठे तारेचा तुकडा मिसळतो. तो फिरत्या यंत्रात पोलादी पात्यावर आदळला की ठिणगी उडते, आणि कोरड्या रुईला एक ठिणगी पुरे होते. म्हणून कापसाच्या वाटेवर लोहचुंबक बसवतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, पंडित नव्हे. परंतु ज्या वस्तूच्या भरवशावर माणसे यंत्रापाशी उभी राहतात, तिचे गुणावगुण जाणणे हे आम्ही आमचे कामच समजतो.

चुंबक सगळे धातू ओढतो, हा समज खोटा आहे. तो जोराने ओढतो ते लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि त्यांचे काही मिश्रधातू. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, सोने, चांदी, शिसे यांना तो ओढताना दिसत नाही. घरातली पुष्कळशी स्टीलची भांडी त्याला चिकटत नाहीत, कारण मिश्रण बदलले की गुण बदलतो. १९४७ चा रुपया निकेलचा होता, तो चिकटतो. पुढे तीन भाग तांबे व एक भाग निकेल असलेला रुपया आला. तो चिकटत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लोहाचे एक चुंबकीय खनिज असते. नाल्याच्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरवा, काळे कण त्याला मिशांसारखे लोंबतील.

असे का होते? लोखंडात अणूंचे लहान लहान गट असतात आणि प्रत्येक गट हा एक चिमुकला चुंबकच असतो. एरवी त्यांची तोंडे दहा दिशांना असतात. शंभर माणसे शंभर दिशांना ओढू लागली तर गाडा हलत नाही, तसेच हे. चुंबक जवळ आला की गट एका दिशेला वळतात आणि लोखंड स्वतःच तात्पुरते चुंबक बनते. तांब्यात असे गटच नाहीत. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ही एकजूट मोडते. हातोड्याचे घाव बसले तरी चुंबक दुबळा होतो.

चुंबकाला दोन ध्रुव असतात. त्याचे दोन तुकडे केले तरी प्रत्येकाला पुन्हा दोन ध्रुव. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, विरुद्ध ओढतात. साधे लोखंडही चुंबकाकडे ओढले जाते. म्हणून चुंबकाची खरी परीक्षा ढकलण्यात आहे, ओढण्यात नव्हे.

१८२० साली ओर्स्टेडने दाखवले की विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले, ते याच कारणाने. विजेवर चालणारा चुंबक बलवान खरा; पण वीज गेली की पकडलेले लोखंड तो सोडून देतो.

आता जिनाकडे वळू. चुंबकाचा जोर अंतर वाढताच झपाट्याने घटतो. कापसाचा थर जाड असला तर वरचा खिळा सुखरूप निसटतो. चुंबकावर आधीचे लोखंड साठले असेल तर नवे पकडण्याची ताकद कमी होते, आणि साठलेलेही सुटून पुढे जाऊ शकते. पितळेचा तुकडा किंवा दगड तर तो कधीच अडवत नाही.

तेव्हा "चुंबक बसवला आहे" एवढ्या उत्तरावर कोणी समाधान मानू नये. तो शेवटचा कधी साफ केला, साफ करताना यंत्र बंद होते का, कापसाचा थर किती जाड जातो, दगड वेचायला माणूस आहे का, आणि आगीचे पाणी तयार आहे का, हे विचारावे. विचारण्याचा अधिकार कामगाराचा आहे. आणि ज्यांच्या घरचा माणूस त्या यंत्रापाशी उभा राहतो, त्या सर्वांचाही आहे.