आजोबांच्या ट्रंकेतला रेझर

नाशिकला रामकुंडावर रोज कोणाचे ना कोणाचे मुंडण चालू असते. वस्तरा चालविणाऱ्या हातांची या शहरात कधीच उणीव नव्हती. पण आपल्या वाडवडिलांच्या गालाला त्यातला हात लागणे मुश्किल होते. परमपूज्य बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, साताऱ्यास असताना त्यांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. गावात न्हावी नव्हते असे नाही, आणि द्यायला पैसे नव्हते असेही नाही. या आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी मिळवून वाचाव्यात. सुभेदाराच्या घरात ही गत, तर खेड्यातल्या येसकराची काय कथा!

गेली काही वर्षे आम्ही दोघेतिघे नाशिक आणि आसपासच्या वस्त्यांमधून दाढीचे जुने सेफ्टी रेझर पाहत आणि त्यांच्या नोंदी करीत हिंडतो आहोत. लोक हसतात. दाढीच्या मशिनीचा कसला आलाय इतिहास, म्हणतात. मग घरातली एखादी म्हातारी आजी माळ्यावरची ट्रंक उतरवायला सांगते, फडक्यात गुंडाळलेला रेझर बाहेर निघतो आणि तासभर बोलणे थांबत नाही.

उघडा वस्तरा चालवायला हात बसलेला लागतो. स्वतःची दाढी स्वतः करायची तर आणखीच कठीण. म्हणून वस्त्र्याला आवरण घालण्याची कल्पना फ्रान्समधील जाँ-जाक पेरे या कारागिराने अठराव्या शतकातच काढली होती. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० साली आपल्या रेझरचे पेटंट घेतले. पण त्याचे पाते पुन्हा पुन्हा परजावे लागे. वापरून फेकून देण्याचे पातळ पाते किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यातून आले आणि ते प्रत्यक्षात उतरविण्याचे काम विल्यम निकर्सन या तंत्रज्ञाने केले. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ साली खपले किती, तर ५१ रेझर आणि १६८ पाती! पुढच्याच वर्षी, १९०४ ला पेटंट मिळाले आणि खप नव्वद हजार रेझरांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. खंदकातला शिपाई स्वतःची दाढी स्वतः करू लागला आणि ती सवय घेऊन घरी परतला.

आपल्याकडेही पलटणीचा रस्ता महत्त्वाचा ठरला असे आमचे मत आहे. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. ती १९२१ साली मोडण्यात आली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. पलटणीत रोजची दाढी हा शिस्तीचा भाग असतो. शिवाय नाशिकला देवळालीचा लष्करी कॅम्प अगदी शेजारी. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, रेल्वे होतीच. पगाराची नोकरी लागली की माणूस पहिल्यांदा कपडे आणि चेहरा नीट करतो. आम्ही पाहिलेल्या रेझरांपैकी बरेचसे लष्करातून आल्याचे घरचे लोक सांगतात.

पण सांगितलेले सगळेच जसेच्या तसे धरून चालत नाही. एका कुटुंबात पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेला म्हणून एक रेझर आमच्या हाती दिला. जुन्या जिलेट नमुन्यांना पात्याखाली बहुधा कंगव्यासारखे दाते असतात. १९३८ च्या सुमारास ‘टेक’ नावाचा नमुना निघाला, त्यात दात्यांच्या जागी सलग कड आली. पात्यावरूनही अंदाज बांधता येतो. सुरुवातीच्या पात्याला तीन गोल छिद्रे असत, १९३० पासून मधोमध लांब खाच असलेले पाते आले. त्या कुटुंबाचा रेझर सलग कडेचा होता. म्हणजे तो पहिल्या युद्धातला असणे शक्य नाही. हे ऐकून घरातले थोडे हिरमुसले. मग आजींनीच आठवून सांगितले की, सासऱ्यांप्रमाणे त्यांचे यजमानही फौजेत होते, दुसऱ्या लढाईच्या वेळी. एका पिढीचा रेझर दुसऱ्या पिढीच्या नावावर गेला होता, आणि त्या रेझरमुळेच यजमानांची नोकरी पुन्हा बोलण्यात आली. त्यांच्याविषयी नातवंडांना काहीच ठाऊक नव्हते.

विदेशातले शौकीन असा रेझर हाती आला की कंपनी, नमुना आणि साल पाहतात. १९५० नंतरच्या अमेरिकन जिलेटवर अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. ‘ए’ म्हणजे १९५५, ‘बी’ म्हणजे १९५६. पुढचा आकडा तिमाहीचा. ही माहिती उपयोगाचीच आहे. परंतु आपल्या नोंदवहीत पहिला रकाना वापरणाऱ्याच्या नावाचा हवा. त्याआधी त्या घरातली दाढी कोण करीत असे, हा दुसरा. या रकान्यात आम्हांला भाऊ, मेहुणा, बहीण अशी उत्तरे मिळाली आहेत. पात्याच्या पुड्यांचीही नोंद करावी : अशोक, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक. बोथट पाते काचेच्या पेल्यात आतून घासून आणखी चार दिवस चालविणारे आणि शेवटी त्याने शिवण उसवणाऱ्या मायमाऊल्या पुष्कळांना आठवतील.

यात न्हावी समाजाला दोष देऊन मोकळे होणे आम्हांला पटत नाही. तोही बलुतेदार होता. महाराची दाढी केली तर पाटलाचे घर तुटले, अशी त्याची कोंडी होती. याच समाजातल्या कारागिरांनी १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेऊन विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. आणि उपाली थेर कोण होते? शाक्यांचे न्हावी! शाक्य राजकुमारांच्या आधी त्यांना प्रव्रज्या मिळाली, म्हणून राजकुमारांना त्यांच्यापुढे वाकावे लागले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो त्यांनीच. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही असतो, हे विहारात जाणाऱ्या मुलांना सांगावे.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक करून सांगितला : जो कोणी मोबदला घेऊन आपली सेवा देतो तो त्यात आला, आणि नुसता आत प्रवेश नव्हे तर सेवाही मिळाली पाहिजे. सलूनची खुर्ची याच अर्थाने आपल्या हक्काची झाली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सेवा नाकारणे शिक्षापात्र ठरले. ट्रंकेतले रेझर या दोन्हींच्या आधीचे असले, तर कायदा येईतो माणसांनी काढलेली वाट त्यांतून दिसते.

आज हे रेझर भंगारात चालले आहेत. बरेचसे पितळेचे, वर निकेलचा मुलामा. भंगारवाला पितळेच्या भावाने वजनावर घेतो. घरात असा रेझर असल्यास तो चिंच किंवा राख लावून घासू नये, मुलामा निघून जातो. आत जुने पाते असेल तर आधी ते जपून काढावे. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरेसा आहे. कोरडा पुसून सुती फडक्यात ठेवावा. कागदावर वापरणाऱ्याचे नाव, गाव, नोकरी आणि पलटण असेल तर तिचा क्रमांक लिहून तो कागद त्याच फडक्यात घालावा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहावा, आणि तेही या रविवारीच.