रानातील मार्ग आणि संघाची स्मृती : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन क्रॉस कंट्री

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या क्रीडाविभागातील काचेच्या कपाटात ढाली, चषक आणि गटाची छायाचित्रे मांडलेली असतात. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलच्या संघाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास एवढी सामग्रीदेखील बऱ्याच अंशी पुरते, कारण मैदानाची मापे सर्वत्र तीच असतात. क्रॉस कंट्रीच्या संघाबाबत मात्र ही सामग्री फारच अपुरी पडते. हा संघ कोठे धावला, हे कळल्याशिवाय तो कसा धावला, हे कळत नाही. आणि नेमकी हीच बाब आपल्याकडे कोठेही नोंदलेली नसते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या उणिवेचा विचार केला आहे.

मार्गावाचून अर्थ नसलेला खेळ

क्रॉस कंट्री म्हणजे शेत, माळ, चढ-उतार, चिखल, ओढे अशा नैसर्गिक भूमीवरून धावण्याची शर्यत. इंग्लंडमधील रग्बी शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला आकार आला. १८७६ मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय शर्यत घेण्याचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा धावपटू वाट चुकले आणि ती शर्यत रद्दबातल ठरली. पहिली अधिकृत शर्यत १८७७ ची मानली जाते. या खेळाच्या राष्ट्रीय इतिहासाचा आरंभच मार्गाच्या सदोष आखणीने व्हावा, ही गोष्ट सूचक आहे.

ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९१२, १९२० आणि १९२४ असा तीनच वेळा खेळला गेला. १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत कडक उन्हामुळे ३८ पैकी केवळ १५ धावपटू शर्यत पूर्ण करू शकले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी पहिला आला. परंतु त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून कायमचा वगळण्यात आला. त्या शर्यतीच्या वर्णनांत मार्गाजवळच्या वीजकेंद्राच्या धुराचाही उल्लेख आढळतो. औष्णिक वीजकेंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या परिसरात राहणाऱ्या चंद्रपूरकर वाचकास तो तपशील निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

क्रॉस कंट्रीची गुणपद्धतीही लक्षात घेण्यासारखी आहे. येथे वेळेची नव्हे, तर क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ विजयी ठरतो. चार धावपटूंचे क्रमांक धरावयाचे आहेत असे समजू. एका संघाचे धावपटू १, ३, २८ व ४० या क्रमांकांवर आले, तर बेरीज ७२ होते. दुसऱ्या संघाचे धावपटू ९, ११, १२ व १५ या क्रमांकांवर आले, तर बेरीज ४७ होते. पहिल्या तिघांत एकही धावपटू नसताना दुसरा संघ पंचवीस गुणांच्या अंतराने जिंकतो. म्हणजे या खेळात संघ घडतो तो चौथ्या धावपटूमुळे. वृत्तपत्रात छायाचित्र मात्र पहिल्या धावपटूचे छापून येते, आणि चौथा कोण होता हे पाच वर्षांनी क्रीडासंचालकांनाही आठवत नाही.

विद्यापीठ आणि अंतर

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. तत्कालीन चांदा जिल्ह्याचे १९६४ मध्ये चंद्रपूर असे नामांतर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तथापि उच्च शिक्षणाच्या दृष्टीने २०११ पर्यंत ही दोन्ही क्षेत्रे नागपूरशीच जोडलेली होती. त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

धावपटूच्या दृष्टीने या प्रशासकीय बदलाचा अर्थ काय? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने या वनप्रदेशास त्या स्पर्धेत स्वतःच्या नावाचा संघ मिळाला. अंतराचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. तेथील विद्यार्थ्याची शर्यत एसटीच्या बाकावरच सुरू होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

उपजत धावपटू ही कल्पना

रानावनात वाढलेली मुले मुळातच धावपटू असतात, असे विधान क्रीडाविषयक भाषणांत हमखास ऐकू येते. ही समजूत शतकाहून जुनी आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्याच्या खटपटीस लागले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. ही कामगिरी मोठीच होती. परंतु तिच्यामागील अनेक वर्षांचा सराव विसरून केवळ अनवाणी पाय तेवढे लक्षात ठेवले गेले.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. नाशिकच्याच संजीवनी जाधव यांनी २०१८ मध्ये चीनमधील आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले. डोंगर आणि रान नाशिककडे आहे, तसे गडचिरोलीकडेही आहे. गडचिरोलीचा तर सुमारे सत्तर टक्के भूभाग वनाच्छादित आहे. फरक रानाचा नाही. नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षे एका जागी टिकून राहिले आणि त्यांच्याभोवती एकत्र सराव करणारा गट उभा राहिला. उपजत गुणांची स्तुती ही पुष्कळदा प्रशिक्षक न नेमण्याची सबब असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आपल्या दोन जिल्ह्यांत पहाटे धावणाऱ्या तरुणांची वाण नाही. त्यांतील बहुसंख्य पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावतात. शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि स्त्रियांसाठी ८०० मीटर धावणे असते. सपाट धावपट्टीवरील ही काही मिनिटांची धाव आणि उंचसखल भूमीवरील दहा किलोमीटरची शर्यत यांस लागणारी तयारी वेगळी असते. भरतीत यश मिळालेला विद्यार्थी संघ सोडून जातो, आणि त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. नोकरी ही गरज आहे. क्रॉस कंट्रीचे प्रमाणपत्र त्या तुलनेत फार हलके आहे.

धावावे कोठे?

हा प्रश्न वरकरणी हास्यास्पद वाटेल, कारण या प्रदेशात मोकळ्या भूमीची टंचाई नाही. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत वाघांच्या हल्ल्यांत माणसे वारंवार मृत्युमुखी पडली आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रियांचा एकाच दिवशी बळी गेला. झुंजूमुंजू होताना जंगलालगतच्या पांदणीने विद्यार्थ्यांना धावावयास पाठविणे कोणत्याही शिक्षकास धजणार नाही.

म्हणून मुले डांबरी रस्त्यावर येतात. ७ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी गडचिरोली–आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी रस्त्यावर आलेल्या मुलांना भरधाव ट्रकने चिरडले. चार मुले दगावली. एका बाजूस वाघ आणि दुसऱ्या बाजूस ट्रक, यांच्यामध्ये सुरक्षित असा दहा किलोमीटरचा मार्ग शोधणे हे आज येथील संघाचे पहिले काम आहे, आणि एकदा शोधलेला मार्ग पुढच्या वर्षी पुन्हा सापडावा, यासाठी तो लिहून ठेवणे हे दुसरे.

मार्गाची नोंद

क्रॉस कंट्रीत अंतर तेच असले तरी दोन मार्गांवरील वेळांची तुलना होत नाही. शिवाय अंतरेही बदलत गेली आहेत. १९७३ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत पुरुष सुमारे बारा आणि स्त्रिया सुमारे चार किलोमीटर धावल्या. दोघांसाठी समान दहा किलोमीटर हे अंतर २०१७ मध्ये आले. त्यामुळे जुन्या विद्यार्थिनीची वेळ आजच्या विद्यार्थिनीच्या वेळेशेजारी ठेवणे निरर्थक आहे, जोपर्यंत कागदावर मार्ग लिहिलेला नाही.

अशा नोंदीस दोन पाने पुरतात. आरंभस्थान आणि वळणे; मुरूम किती, काळी माती किती, डांबर किती; बोडीची पाळ कोणत्या टप्प्यावर येते; नाल्यास पाणी होते की नाही; त्या आठवड्यात वनविभागाने काही सूचना दिली होती काय; सर्व धावपटूंचे क्रमांक, शेवटच्याचादेखील. पूर्व भागात धानाची कापणी झाली होती की नव्हती, हेही लिहावे. कापणीपूर्वी धावपटू बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून एकामागे एक धावतात आणि पुढच्याला ओलांडणे जवळपास अशक्य असते. कापणीनंतर तीच बांधी मोकळी होते, पण धसकटे पायांत रुततात. एकाच मार्गावर पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या या दोन वेगळ्या शर्यती असतात.