माहेरची ठेव

आमच्या आईच्या अंगावर कधी मूठभर मांस चढले नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे तिचे उपास. तूप साऱ्यांच्या पानात वाढून झाल्यावर उरलेसुरले स्वतःला. अशा बाईला हृदयविकार होईल हे घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. 54व्या वर्षी जिना चढताना तिला दम लागू लागला, जबडा दुखू लागला. आम्ही तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेले. मळमळते म्हणाली तेव्हा पित्त म्हणून आलेपाक दिला. छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस आपण नाटकासिनेमात पाहतो. बायकांच्या बाबतीत हे दुखणे पुष्कळदा पाठीतून, जबड्यातून, नुसत्या थकव्यातूनही बोलते, हे आम्हाला ती गेल्यावर कळले.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात तपासणीचे शिबिर होते. मीही आईसारखीच किडकिडीत. निर्धास्तपणे रांगेत उभी राहिले. अहवाल आला तो एलडीएल 214! डॉक्टर म्हणाले, "बाई, 190च्या वर आकडा गेला की घराण्याची चौकशी करावी लागते." मग त्यांनी माझ्या पापण्या न्याहाळल्या आणि टाचेमागची जाड शीर चाचपली. तिथेही कोलेस्टेरॉल साचते म्हणे!

कोलेस्टेरॉल म्हणजे खाल्लेले तूपलोणी, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे आपले शरीरच तयार करते, आणि रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृताचे. त्याच्या पेशींवर त्यासाठी जणू चिमटे असतात. चिमटे घडवणारे जनुक सदोष असले की ते कमी पडतात आणि माल रक्तातच फिरत राहतो. डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीने हे कोडे उलगडले. 1985 साली त्यांना नोबेल मिळाले. सुमारे 250 माणसांत एकाला हा आनुवंशिक दोष असतो. प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. (इथे तरी समानता आहे!) पाळी चालू असेतो बाईला थोडे संरक्षण मिळते, ती गेली की एलडीएल वर सरकते. आईचा दम त्याच वयातला.

नुसत्या पथ्याने माझा आकडा फारसा हलला नाही. गोळी सुरू झाली तेव्हा उतरला. पण म्हणून पथ्य सोडायचे नाही, भगिनींनो. आमच्याकडे वर्षानुवर्षे फराळ वनस्पती तुपात तळला गेला. त्यातले ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. जानेवारी 2022पासून सरकारने त्याला 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. उपासाचे साबुदाणेवडेही तळलेलेच, हे आईला कोणी सांगायचे!

माझ्या मुलीची तपासणी झाली. 19 वर्षांची पोर, आकडा 201. "म्हणजे नाक आजीचे आणि हेही आजीचेच," एवढेच ती म्हणाली.

राहिली धाकटी बहीण. दोनदा फोन केला. "ताई, मला काय धाड भरलीय?" दिवाळीला ती येणार आहे. भाऊबीजेच्या सकाळी सातला, फराळाच्या आधी, रक्त घेणाऱ्या मुलाला मी घरी बोलावले आहे. तिला अजून सांगितलेले नाही.