विमानात संकट आलं तर बाहेर कसं पडायचं? ९० सेकंदांचा नियम प्रत्येक प्रवाशाला माहीत हवा

हिंगणी (ता. सेलू) : १ जुलै २०२३ ची मध्यरात्र वर्धा जिल्हा विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यात आपल्या जिल्ह्यातलेही प्रवासी होते. गाडी दरवाज्याच्या बाजूनंच आडवी झाल्यानं बाहेर पडायची वाट बंद झाली. आठ जण वाचले, त्यातले काही काच फोडून बाहेर आले.

गाडी कोणतीही असो, नुसतं धडकेतून वाचून भागत नाही. आग आणि धूर पोहोचायच्या आत बाहेर पडता आलं पाहिजे. विमानाचे सुरक्षा नियम याच एका गोष्टीवर उभे आहेत.

आता हिंगणी, सेलू, केळझर या पट्ट्यातली पोरं पुणे, हैदराबाद, बंगळुरूला नोकरीला आहेत. त्यांना भेटायला आई-वडील नागपूरहून विमानानं जातात. हज यात्रेकरूही नागपूरहूनच उडतात. अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. विमान निघायच्या आधी कर्मचारी मधल्या वाटेत उभ्या राहून हातवारे करून काहीतरी सांगतात. भाषा हिंदी-इंग्रजी. अर्धे लोक मोबाइलमध्ये, अर्धे खिडकीबाहेर पाहत. त्या दोन-तीन मिनिटांत नेमकं काय सांगतात आणि ते का ऐकायचं, ते समजून घेऊ.

विमान पडलं म्हणजे सगळे गेले, असं नसतं

२६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं विमान मुंबईसाठी उडालं. धावपट्टी संपते तिथून बीड रस्ता जात होता. त्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. उडता उडता विमानाचं चाक त्या ट्रकला लागलं. पुढे विमान विजेच्या उच्चदाब तारांना अडकून खाली आलं, तुटलं, पेटलं. विमानात ११८ जण होते. ५५ गेले, पण ६३ वाचले.

७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळमधल्या कोझिकोडला पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. नागपूरशी जवळचं नातं असलेले कॅप्टन दीपक साठे त्यात गेले. विमानाचे तुकडे झाले. तरी १९० पैकी १६९ जण वाचले, कारण आग लागली नाही आणि लोकांना बाहेर काढायला वेळ मिळाला.

उलटही घडतं. २२ ऑगस्ट १९८५ ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरला एका विमानाच्या इंजिनाला धावपट्टीवरच आग लागली. विमान उडालंसुद्धा नव्हतं, कुठे आदळलंही नव्हतं. तरी १३७ पैकी ५५ जण गेले. बहुतेकांचा जीव धुरानं गेला. दाराजवळ अडचण, अरुंद वाट, दाट धूर, यात लोक अडकले. अशा अपघातांनंतरच विमानातल्या सीटचं कापड, दिवे आणि दाराजवळची जागा याचे नियम कडक झाले.

अहमदाबादला १२ जून २०२५ ला जे झालं, तसे काही अपघात इतके भयंकर असतात की तिथे कोणतंच साधन पुरं पडत नाही. त्या विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो ११-ए सीटवर, संकटकालीन दाराजवळ होता. त्यानंतर "११-ए सीट घ्या, जीव वाचतो" असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरले. त्यात तथ्य नाही. प्रत्येक विमानाची रचना वेगळी आणि प्रत्येक अपघात वेगळा. सीटचा नंबर वाचवत नाही. जवळचं दार कुठे आहे हे माहीत असणं मात्र कामी येतं.

९० सेकंद म्हणजे काय?

४४ पेक्षा जास्त सीटचं प्रवासी विमान बाजारात आणायचं असेल, तर कंपनीला एक गोष्ट सिद्ध करावी लागते : पूर्ण भरलेलं विमान ९० सेकंदांत, म्हणजे दीड मिनिटात रिकामं होतं. अमेरिकेनं १९६५ मध्ये ही मर्यादा १२० सेकंद ठेवली होती, १९६७ मध्ये ती ९० वर आणली. आज जगभर हाच आकडा चालतो. आग लागली की फार थोड्या वेळात विमानाच्या आत श्वास घेणंही मुश्कील होतं, म्हणून ही घाई.

ही परीक्षा सोपी नसते. बाहेर अंधार ठेवतात. निम्मीच दारं उघडू देतात, कारण खऱ्या आगीत एका बाजूची दारं कामाची राहत नाहीत. कोणती दारं उघडतील हे प्रवाशांना आधी सांगत नाहीत. प्रवाशांत बायका आणि पन्नाशीपुढची माणसं ठरावीक प्रमाणात घ्यावी लागतात. तान्ह्या बाळांऐवजी बाहुल्या देतात. मधल्या वाटेत बॅगा, उशा, ब्लँकेट टाकून ठेवतात. एअरबसच्या ए-३८० या अवाढव्य विमानाची अशी परीक्षा २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला झाली. कर्मचारी धरून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली.

म्हणजे विमान कंपनीनं आपलं काम केलेलं असतं. खऱ्या वेळी ते जमतं की नाही, हे मात्र आत बसलेल्या माणसांवर ठरतं.

दार आणि फुगणारी घसरगुंडी

नागपूरहून नेहमी उडणारं मधल्या आकाराचं एअरबस विमान घेतलं, तर त्याचं दार जमिनीपासून साधारण ११ फूट उंच असतं. एवढ्या उंचीवरून उडी मारली तर पाय मोडणार. म्हणून नियम असा, की दार जमिनीपासून सहा फुटांपेक्षा उंच असेल तर तिथे आपोआप फुगणारी घसरगुंडी हवीच. तिला स्लाइड म्हणतात. ती दारातच घडी घालून ठेवलेली असते.

उड्डाणाआधी कर्मचारी दार 'आर्म' करतात, म्हणजे स्लाइड विमानाच्या जमिनीला अडकवतात. त्यानंतर दार उघडलं की स्लाइड बाहेर पडते आणि मोठ्या दारांवर साधारण सहा सेकंदांत फुगून उभी राहते. ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वारा असला तरी ती टिकली पाहिजे, असा नियम आहे.

इतक्या लवकर एवढी मोठी पिशवी फुगते कशी? ठिबक सिंचनात आपण खत सोडायला व्हेंचुरी लावतो. पाणी अरुंद नळीतून जोरात जातं आणि बाजूचं खत ओढून घेतं. स्लाइडमध्ये तसंच आहे. छोट्या सिलिंडरमधला दाबाखालचा गॅस जोरात सुटतो आणि बाहेरची हवा सोबत ओढत आत जातो. सगळी हवा सिलिंडरमध्ये भरून न्यायची गरज पडत नाही.

स्लाइडवर जाताना दारात बसायचं नाही, थांबायचं नाही. हात छातीवर घेऊन सरळ उडी टाकायची. टाचेच्या चपला काढायच्या, त्यानं स्लाइड फाटू शकते. साडी असेल तर पदर खोचून घ्यायचा. खाली पोहोचलं की लगेच बाजूला व्हायचं आणि विमानापासून दूर जायचं, कारण मागचा माणूस येतच असतो.

धुरात खाली पाहा

धूर आधी वर साचतो. छताचे दिवे त्यात झाकले जातात. म्हणून विमानाच्या मधल्या वाटेत खाली, जमिनीलगत चमकणाऱ्या पट्ट्या किंवा बारीक दिवे असतात. विमानाची वीज गेली तरी ही खूण दिसली पाहिजे. धूर असेल तर वाकून, तोंडावर कापड धरून, या पट्टीच्या मागे मागे दारापर्यंत जायचं.

आपल्या सीटपासून दारापर्यंत किती रांगा आहेत, हे बसल्या बसल्या मोजून ठेवा. पुढचं एक दार आणि मागचंही एक. अंधारात सीटच्या पाठीला हात लावत मोजता येतं. कधी कधी सगळ्यात जवळचं दार तुमच्या मागे असतं आणि लोक मात्र ज्या दारानं आत आले तिकडेच धावतात.

नागपूर-मुंबईत समुद्र कुठे?

लाइफ जॅकेट कसं घालायचं हे दाखवतात तेव्हा अनेकांना हसू येतं. पण मुंबई विमानतळ समुद्राच्या अगदी जवळ आहे. तिथून उडणारी विमानं बरेचदा समुद्रावरून वळतात. जॅकेट बहुतेक वेळा सीटखाली असतं. आठवण म्हणून ते घरी नेणं ही चोरी तर आहेच, शिवाय त्या सीटवर पुढे बसणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

यात सगळ्यात महत्त्वाचं : जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण गेले. अनेकांनी आतच जॅकेट फुगवलं होतं. पाणी आत शिरल्यावर ते वर छताकडे ढकलले गेले, त्यांना खाली बुडी मारून दारापर्यंत जाता येईना. जॅकेट अंगात घाला, पण दोरी दारातून बाहेर पडतानाच ओढा.

बॅग राहू द्या

३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर घासत गेलं आणि पेटलं. आतले ३०० जण वाचले, आग विझवायला आलेला एक जवान मात्र गेला. त्या विमानातला व्हिडिओ नंतर सगळीकडे फिरला. धूर आत येतोय आणि लोक वरच्या कप्प्यातून बॅगा काढताहेत. वाऱ्यानं काही स्लाइडही नीट टेकल्या नव्हत्या. नशीब बरं, म्हणून सगळे निघाले.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोत जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना दुसऱ्या छोट्या विमानावर आदळून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली. तरी आतले ३७९ जण जिवंत बाहेर आले. तिथल्या प्रवाशांनी सामान मागेच ठेवलं आणि कर्मचाऱ्यांचं ऐकलं. छोट्या विमानातले पाच जण मात्र गेले.

एका माणसानं बॅग काढायला दहा सेकंद घेतले, तर त्याच्या मागची अख्खी रांग दहा सेकंद थांबते. ९० सेकंदांच्या हिशेबात दहा सेकंद म्हणजे किती जीव, ते ज्यानं त्यानं मोजावं. पैसे, मोबाइल, कागदपत्रं उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवली तर बॅगेकडे वळायची वेळच येणार नाही.

हँडलला उगाच हात लावू नका

नागपूरच्या विमानांत याचे दोन प्रकार घडले आहेत. २४ जानेवारी २०२३ ला नागपूर-मुंबई इंडिगो विमान उतरायच्या तयारीत असताना एका प्रवाशानं संकटकालीन दाराचं झाकण काढायचा प्रयत्न केला. मुंबईत त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपूर-बंगळुरू विमानात उड्डाणाआधी एकानं तसाच प्रयत्न केला. बंगळुरूला उतरताच तो पोलिसांच्या ताब्यात गेला.

वर आकाशात आतल्या हवेचा दाब दारावर काही टनांचा असतो, त्यामुळे कुणी ओढलं तरी दार उघडत नाही. पण विमान खाली येऊ लागलं की हा दाब कमी होतो. २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात एका प्रवाशानं जमिनीपासून साधारण २०० मीटरवर दार उघडलंच. विमान सुखरूप उतरलं, पण काही प्रवाशांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. विमान उभं असताना दार उघडलं तर स्लाइड जोरात बाहेर फुगते, खाली कुणी असेल तर त्याला लागू शकतं आणि विमानही अडकून पडतं.

पंखाजवळच्या संकटकालीन दाराशी सीट मिळाली, तर पाय पसरायला जागा मिळते म्हणून लोक खूश होतात. पण तिथे बसणाऱ्यानं गरज पडल्यास दार उघडायचं असतं. म्हणून तिथे लहान मुलं, गरोदर महिला किंवा ज्यांना हालचाल जमत नाही अशांना बसवत नाहीत. कर्मचारी येऊन विचारतात, "मदत कराल का?" सांगितलेलं समजलं नसेल किंवा जमणार नसेल, तर सरळ नाही म्हणा. सीट बदलून मिळते. यात लाजायचं काही नाही.

बसल्यावर एवढं करा

* पट्टा कसा उघडतो ते एकदा उघडून पाहा. गाडीच्या पट्ट्यासारखं बटण नसतं, झाकण वर उचलायचं असतं.
* पुढचं आणि मागचं दार किती रांगांवर आहे ते मोजा.
* समोरच्या खिशातलं चित्रांचं कार्ड पाहा. वाचता आलं नाही तरी चित्रं कळतात.
* उड्डाण आणि उतरताना चप्पल-बूट पायात ठेवा, झोपू नका.
* काही झालं तर पट्टा सोडा, बॅग सोडा, कर्मचारी सांगतील त्या दारानं निघा.

आई-वडिलांना पहिल्यांदा विमानात बसवणाऱ्या पोरांनी तिकिटासोबत एवढ्या पाच गोष्टी फोनवर समजावून सांगितल्या, तर बरं. विमानात ऐनवेळी कर्मचारी ओरडून सांगतात ते बहुतेक इंग्रजी-हिंदीत असतं. आधीच मराठीत ऐकलेलं असेल, तर त्या गोंधळात तेच आठवतं.