पायरी चढणाऱ्यांचा कायदा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांच्या वाड्यावरच न्यायनिवाडे होत होते, त्यांना ती परवडणारी होती. ज्यांचा निवाडा गावकीने नाहीतर जातपंचायतीने केला आणि ज्यांच्या बायकांना त्या बैठकीत तोंड उघडण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी ही म्हण का पाळावी? सोलापुरात बिडी वळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे पोटगीचे अर्ज लिहून देण्याचे काम मी काही वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवातून कार्यकर्त्यांसाठी हे लिहितो आहे.

कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे कोणत्याही पक्षकाराला वकील देण्याचा आग्रह हक्क म्हणून धरता येत नाही. गरज वाटल्यास न्यायालय कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकते. कलम १४ पुराव्याच्या कायद्याची पकड सैल करते. वाद सोडवायला उपयोगी वाटणारा कागद एरवी पुराव्यात बसत नसला तरी न्यायालय तो विचारात घेऊ शकते. गरिबाने आपली बाजू आपल्या तोंडाने मांडावी, हा यामागचा हेतू चांगला आहे. पण वकील बाजूला केला म्हणजे समता आली, असे होत नाही. न्यायालयाची परवानगी घेऊन एका बाजूला वकील उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला निरक्षर बाई एकटीच असते. अशा वेळी कायद्याचा साधेपणाही धडधाकटाच्याच कामी येतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की एकटे उभे राहणे ही निवड असावी, नाइलाज नसावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्री-पुरुषांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. आमच्या बायकांचा काळ कॅलेंडरवर चालत नाही. नवऱ्याने कधी टाकले, असे विचारले की उत्तर येते, ‘थोरलीच्या जावळाच्या आधी’, ‘गड्ड्याची जत्रा उठली तेव्हा’, ‘चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर’. ही उत्तरे खोटी नसतात, उलट पक्की असतात. पण अर्जाला तारीख लागते. लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद समोर ठेवले की जावळाचे वर्ष निघते आणि त्यावरून बाकीची हकीकत लागते. हे काम वकिलापेक्षा वस्तीतला शिक्षक चांगले करील.

तिसरी गोष्ट कमाईची. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवून दिले. नवऱ्याचे प्रतिज्ञापत्र आले नसेल तर बाईने ते मागावे. आपली बिडीची मजुरी मात्र लपवू नये. थोडी कमाई आहे एवढ्यावरून पोटगीचा हक्क जात नाही. लपवलेली कमाई उघडी पडली तर बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

चौथी गोष्ट सहीची. न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे कलम ९ सांगते. समेट वाईट नाही. पण पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकुमावर अपील चालत नाही. म्हणून समुपदेशकासमोरचा कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नये की अंगठा उठवू नये. पंचांनी मुद्रांकावर लिहून दिलेली सोडचिठ्ठी हा तर न्यायालयाचा हुकूमच नव्हे. त्यात ‘पोटगी मागणार नाही’ असे लिहिले असले, तरी अर्ज जरूर करावा.

पाचवी गोष्ट वसुलीची. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होई. १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणत वर्ष गेले, तर वॉरंटाचा हा मार्ग त्या रकमेपुरता बंद होतो. हुकूम मिळवून घरी बसलेल्या किती बायकांना हे कुणी सांगितले आहे?

हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्यामागच्या कारणांपैकी एक होते. घटस्फोट, पोटगी, वारसा हे घरातले खाजगी प्रश्न नव्हेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या चळवळीने मोर्चे पुष्कळ काढले. पण कुटुंब न्यायालयाच्या बाकावर वस्तीतली बाई अजून एकटीच बसलेली असते. कार्यकर्त्याला तिच्या वतीने युक्तिवाद करता येत नाही, आणि त्याने तो करूही नये. आजवर तिच्या वतीने बोलणारे खूप झाले. त्याने अर्ज लिहावा आणि दाखल करण्याआधी तो तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा. ती तेलुगू असो, कन्नड असो की दखनी. उलटतपासणीत प्रत्येक वाक्याचा जाब तिलाच द्यायचा आहे. म्हणून ‘असं मी म्हणले नाही’ असे ती ज्या वाक्याला म्हणेल, ते कितीही जोरकस असले तरी खोडावे.