मापाची भेट : हातविणीच्या लहान वस्तूंविषयी

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद आपण अनेक कामांसाठी वापरतो. मागावर लुगडे विणले जाते, बुरूड टोपली विणतो, सुतळीने बाज विणली जाते आणि लोकरीचा स्वेटरही विणलाच जातो. तथापि यांतील शेवटचे काम रचनेच्या दृष्टीने निराळे आहे. मागावरील कापडात उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच एकमेकांत गुंतलेले असतात. सुयांवरील विणकामात एकच अखंड धागा असतो आणि त्याच्या फासांतून नवे फास ओढून घेत ओळीवर ओळ चढत जाते. फास ताणला की पसरतो, सोडला की पूर्ववत होतो. म्हणूनच विणलेली टोपी डोक्याला आणि मोजा पायाला अंगासरशी बसतो. या साऱ्या विद्येचा पाया सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर उभा आहे. आणि उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच मागची बाजू होय.

लहान मुलांसाठी हाताने केलेल्या वस्तूंचा इतिहास बराच जुना आहे. इजिप्तमधील अँटिनोपोलिस या प्राचीन नगराच्या उकिरड्यात उत्खनन करताना लहान मुलाचा डाव्या पायाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी मोजा सापडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून त्याचा काळ इ. स. ३००च्या सुमाराचा मानला जातो. दोन सुयांची पद्धत रूढ होण्यापूर्वीचा हा नमुना एका सुईने फास गुंफून केलेला आहे. लाल, निळा आणि पिवळा हे तीनच वनस्पतिजन्य रंग वापरून त्यांच्या मिश्रणातून इतर छटा साधल्या आहेत. विणणाऱ्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. परंतु कोणीतरी एका लहानशा पावलाचे माप मनात धरून धागा हाती घेतला होता, याचा पुरावा सतराशे वर्षे टिकून राहिला आहे.

पुढे युरोपात हे काम व्यवसाय म्हणून भरभराटीस आले. स्पेनमधील बुर्गोसजवळच्या मठात, १२७५ साली मृत्यू पावलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणकामाची उशी मिळाली आहे. विणकाम हे बायकांचे काम, असा आपल्याकडे समज आहे. पण युरोपातील विणकरांचे संघ प्रामुख्याने पुरुषांचेच होते. १५८९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ली याने मोजे विणणारे यंत्र तयार केले आणि पुढील शतकांत यंत्राचा माल स्वस्त होत गेला. मग आज बाजारात कमी पैशांत टोपी मिळत असताना ती हाताने का विणावी?

याचे उत्तर ‘माप’ या एका शब्दात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचे बालपण दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेल्या कपड्यांत गेले. त्या कपड्याने थंडी भागत असे. पण तो कधी ढगळ, तर कधी आखूड असे, कारण तो शिवताना त्या मुलाचा विचार कोणी केलेलाच नसे. हाताने विणलेली वस्तू नेमकी याच्या उलट असते. तिची सुरुवातच ‘हे कोणासाठी’ या प्रश्नाने होते.

हे माप गणिताने साधते. प्रथम निवडलेल्या लोकरीचा आणि सुयांचा साधारण १० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणून पाहावा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा, ते २२ भरले. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ४० सेंटिमीटर असतो. टोपी ताणून बसावी म्हणून ती ३६ सेंटिमीटरची धरली, तर ७९ टाके येतात. काठासाठी दोन सुलट, दोन उलट अशी वीण हवी, म्हणून चाराने भाग जाणारी संख्या, म्हणजे ८० टाके घालावेत. आपल्याकडील सुयांच्या क्रमांकांत एक गंमत आहे: क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर १० क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची असते.

बाळासाठी विणताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. गुंड्या, मणी, लोकरीचे गोंडे व लांब नाड्या लावू नयेत. त्या तोंडात जाण्याची वा गळ्याभोवती अडकण्याची भीती असते. जाळीदार विणीत चिमुकली बोटे अडकतात. मोज्याच्या आतील बाजूस सुटा धागा राहिला तर तो पायाच्या बोटाला आवळून रक्तप्रवाह रोखू शकतो. म्हणून प्रत्येक टोक विणीत ओवून पक्के करावे. आपल्या उष्ण हवेत लोकरीऐवजी मऊ सुती धागा अनेकदा अधिक सोयीचा ठरतो. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, कारण अंगातील जादा उष्णता बाळ डोक्यावाटेच बाहेर टाकत असते.

मूल वाढते आणि भेट लहान होते. परंतु धागा अखंड असल्याने स्वेटर उसवता येतो. उसवलेल्या लोकरीची लड करून ती धुवून, टांगून वाळवली की तिच्यातील वळ्या जातात आणि नव्या लोकरीची जोड देऊन तोच स्वेटर मोठा विणता येतो. आपल्या घरांतील अनेक स्त्रियांनी ही काटकसर कोणत्याही पुस्तकाविना साधली आहे.

नवशिक्याने मित्रासाठी कानपट्टीपासून प्रारंभ करावा. वरील मापाने १८ टाके घालून प्रत्येक ओळ सुलट विणत जावी. या विणीची कड गुंडाळत नाही. पट्टी मित्राच्या डोक्याच्या घेराहून चार-पाच सेंटिमीटर आखूड असताना टाके बंद करून दोन्ही टोके शिवावीत. वसतिगृहातील पहाटेच्या गारठ्यात तिचे मोल कळते. ज्या माजी विद्यार्थ्यांना व मातापालकांना ही विद्या अवगत आहे, त्यांनी हिवाळ्यातील एखादा रविवार वसतिगृहातील मुलामुलींसाठी राखून ठेवावा. दोन सुया, एक गुंडा आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरेसे आहे.