पायी पाहावयाचा गोपाचल



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी इतिहास शिकवीत. पण इतिहास हा विषय अर्धा डोळ्यांनी आणि अर्धा पायांनी शिकावयाचा असतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून आज मी राजवंशांची जंत्री सांगण्याऐवजी वाटांविषयी बोलणार आहे. ग्वाल्हेरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालचा मुलूख पायी का पाहावा, कोणत्या क्रमाने पाहावा, आणि तसे पाहिल्याने जे कळते ते इतर रीतीने का कळत नाही, एवढाच माझा विषय आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण लष्करात, या किल्ल्याच्या सावलीत गेले. तरीही किल्ल्याशी आपला संबंध पुष्कळदा पाहुण्यांपुरता उरतो. पुण्याहून किंवा नागपुराहून कोणी आले की मोटारीने उरवाईच्या रस्त्याने वर जायचे, मानमंदिर दाखवायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतायचे. हा रस्ता पश्चिमेचा. सोयीचा आहे, यात वाद नाही. परंतु किल्ल्याचा जुना दर्शनी मार्ग पूर्वेचा; तो गूजरी महालापाशी सुरू होतो आणि आजही केवळ पायी चालणाऱ्यांचाच आहे. मोटारीतून जाणाऱ्याला इमारती दिसतात. पूर्वेच्या वाटेने चढणाऱ्याला त्या इमारतींचा क्रम दिसतो. आणि इतिहास म्हणजे मुख्यतः क्रमच होय.

दगडाचा स्वभाव

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात ‘किल्ला’ म्हटले की सह्याद्रीतला काळा पाषाण उभा राहतो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेल्या त्या डोंगरांना निसर्गतःच कडे आहेत, माच्या आहेत. तो दगड कठीण. त्याच्यावर बारीक नक्षी करावयाची म्हणजे कारागिराची परीक्षाच. गोपाचलाचा दगड निराळा. हा विंध्य संघातील पिवळसर वालुकाश्म. सपाट मैदानात सुमारे तीनशे फूट उंच आणि उत्तर-दक्षिण जवळजवळ पावणेदोन मैल लांब असा हा एकटा डोंगर उभा आहे. वालुकाश्म छिन्नीला वश होतो. म्हणूनच येथे कड्यांच्या अंगावर प्रचंड मूर्ती कोरता आल्या, आणि खाली हजिऱ्याजवळ महंमद घौस यांच्या मकबऱ्यात दगडाच्या जाळ्या कापडासारख्या विणता आल्या. त्याच आवारात तानसेनाची साधी कबर आहे. चढणीला लागण्यापूर्वी हे दोन्ही पाहून घ्यावे. पुढे दिसणाऱ्या सर्व कारागिरीची किल्ली तेथे हाती येते.

माथा सपाट असल्याने पावसाचे पाणी साठविणे शक्य झाले. सूरजकुंड, गंगोला, जोहरताल, मानसरोवर, एकखांबा ताल ही नावे नुसती स्थळांची नव्हेत. ती किल्ल्याच्या आयुष्याची दोरी आहेत. १२३२ साली अल्तमशाने सुमारे अकरा महिने वेढा दिला, तोवर आतले लोक तगले ते या पाण्यावर. जोहरताल हे नाव त्या वेढ्याच्या शेवटी स्त्रियांनी केलेल्या जोहाराची आठवण सांगते.

पूर्वेची चढण

या वाटेने माथा गाठावयास रमतगमत अर्धा-पाऊण तास पुरतो. पण घाई करू नये. खालचा आलमगिरी दरवाजा औरंगजेबाच्या काळातला, १६६० सालचा. त्याच्या आत गूजरी महाल. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाल १४८६ ते १५१६) मृगनयनी राणीसाठी तो बांधला, आणि तिच्या राई गावाचे पाणी तेथपर्यंत आणले, असे लोक सांगतात. आज तेथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. त्याचे श्रेय ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांचे. १९१३ साली हे खाते निघाले, आणि या मराठी गृहस्थाने संस्थानभर हिंडून मूर्ती, शिलालेख व नाणी यांची नोंद केली. ग्यारसपूरची शालभंजिका याच संग्रहात आहे. तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहिल्याविना वर जाऊ नये.

पुढे हिंडोला दरवाजा, गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा असे एकेक ओलांडीत आपण वर जातो. लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे खडकातच कोरलेले चतुर्भुज विष्णूचे एक लहानसे मंदिर आहे. दहा पावलांत संपेल एवढे ते आहे, आणि वेगाने जाणारा ते ओलांडूनही जाईल. परंतु जगभरचे गणिताचे अभ्यासक त्यासाठी ग्वाल्हेरला येतात. प्रतिहार सम्राट भोज याच्या अमलात किल्ल्याचा रक्षक असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने हे मंदिर करविले. त्यातील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात अशी नोंदली आहे, आणि माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्याव्यात असे ठरविले आहे. २७० आणि ५० या अंकांतील शून्य आपण आज लिहितो तसेच वाटोळे आहे. शून्याचे चिन्ह याहून जुने अन्यत्र आढळते. कंबोडियातील इसवी सन ६८३ च्या लेखात ते टिंबाच्या रूपात आहे. पण भारतात दगडावर कोरलेल्या आणि ज्याच्या कालाविषयी शंका नाही अशा शून्यांत ग्वाल्हेरच्या शून्याचा मान मोठा आहे. मला त्यातली विशेष गोष्ट वाटते ती ही, की हे शून्य कोणा पंडिताच्या ग्रंथातले नाही. ते जमिनीच्या मोजणीतले आणि फुलांच्या हिशेबातले आहे. अर्थात त्या काळी दशमान लेखन विद्वानांच्या वर्तुळाबाहेर, सामान्य व्यवहारात उतरले होते, हा निष्कर्ष त्या लहानशा भिंतीवरून निघतो.

माथ्यावर

हत्तीपौर हा शेवटचा दरवाजा. येथे पूर्वी माहुतासह एक दगडी हत्ती होता. इब्न बतूता आणि बाबर या दोघांनीही त्याचा उल्लेख केला आहे. हत्ती गेला, नाव राहिले. येथून उजवीकडे मान वर केली की मानमंदिराची सहा बुरुजांची पूर्वभिंत दिसते. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत हंस, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे. हे दृश्य खालून चढत येणाऱ्यासाठीच योजलेले आहे, हे पायी आल्यावाचून ध्यानात येत नाही. याच वास्तूचे तळमजले पुढे मोगलांनी बंदिवासासाठी वापरले. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ साली याच किल्ल्यावर मारण्यात आले. गुरू हरगोबिंद यांच्या बंदिवासाची आणि त्यांनी आपल्यासह बावन्न राजांना सोडविल्याची स्मृती येथील दाता बंदीछोड गुरुद्वारा जपतो.

सास-बहूची मंदिरे म्हणून जी ओळखली जातात त्यांतील मोठे मंदिर कच्छपघात राजा महीपालाच्या काळी १०९३ साली पुरे झाले. नावाचा सासूशी वा सुनेशी संबंध नाही. ‘सहस्रबाहू’ या विष्णुनामाचा तो अपभ्रंश मानतात. तेलीमंदिर त्याहून दोन-तीनशे वर्षांनी जुने. त्याचा माथा गाडीच्या कमानदार छपरासारखा लांबट आहे, आणि तो पाहून दक्षिणेतील गोपुरांची आठवण होते. पश्चिमेकडे उरवाईत उतरताना पंधराव्या शतकात डुंगरसिंह व कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळी कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती लागतात. त्यांतील सर्वांत उंच मूर्ती सत्तावन्न फुटांची भरते. १५२८ साली बाबराने किल्ला पाहिला आणि त्या विद्रूप करण्याची आज्ञा दिली. काही मूर्तींचे चेहरे मागाहून जैन समाजाने चुन्याने पुन्हा घडविले. ज्या किल्ल्याचे वर्णन बाबराने कौतुकाने लिहिले, त्याच किल्ल्यावर त्याने हा घाव घातला. दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर पाहावयास मिळतात, आणि त्यांतील एक झाकून दुसरी सांगणे हा इतिहास नव्हे.

आणखी एक गोष्ट. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनानी पॉफम याने महादजी शिंद्यांच्या शिबंदीकडून हा किल्ला एका रात्रीत घेतला. तोफांनी नव्हे; गोहदच्या राण्याकडील माहीतगार माणसांनी दाखविलेल्या कड्याच्या जागेवरून, पायांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेली पादत्राणे घालून त्याचे शिपाई चढले. पुढे महादजींनी किल्ला परत मिळविला ही गोष्ट वेगळी. पण ज्यांना आपल्या डोंगराच्या पायवाटा ठाऊक नसतात, त्यांना भिंतीची जाडी वाचवू शकत नाही, हा धडा त्या रात्रीचा आहे.

चंबळच्या अंगाची वाट

किल्ला हे या मुलखाचे शिखर. पण मुलूख त्याहून मोठा आहे. ग्वाल्हेरपासून सुमारे वीस-पंचवीस मैलांवर मुरैना जिल्ह्यात मितावली, पडावली आणि बटेश्वर ही तीन स्थळे अशी जवळजवळ आहेत की सकाळी निघून शेतांच्या कडेने चालत ती एका दिवसात होतात. मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट कोठड्यांचे वर्तुळाकार योगिनी मंदिर आहे. तेथील लेख विक्रम संवत १३८० चा, म्हणजे १३२३ सालचा. दिल्लीचे जुने संसद भवन यावरून रचले असे हौसेने सांगितले जाते. त्याला लेखी आधार मात्र मिळालेला नाही. मंदिराचे मोठेपण त्या आधारावर अवलंबूनही नाही. पडावलीचे दहाव्या शतकातील मंदिर गोहदच्या राण्यांनी पुढे तटबंदी घालून गढीत रूपांतरित केले. देवालय आणि दुर्ग एकाच जोत्यावर उभे असलेले येथे दिसतात. मंडपात मान वर करून पाहिले तर रामायण-महाभारतातील प्रसंग ओळीने कोरलेले आहेत.

तेथून थोड्या अंतरावर बटेश्वर. प्रतिहार काळातील सुमारे दोनशे लहान मंदिरे येथे एका ओढ्याच्या काठी होती, आणि कित्येक शतके त्यांतील बहुतेक दगडांचे ढिगारे होऊन पडली होती. २००५ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली त्यांची पुनर्रचना सुरू झाली. कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक दगडाचे स्थान त्याच्या घडणीवरून ठरते: हा जोत्याचा, हा भिंतीचा, हा शिखराचा, हा आमलकाचा. नक्षीची तुटलेली रेष जुळली की शेजारी सापडतो. या पद्धतीने ऐंशीहून अधिक मंदिरे पुन्हा उभी राहिली. दरोडेखोरांचा मुलूख म्हणून ज्याच्याकडे लोक पाठ फिरवीत, तेथे हे घडले. आणि आसपासच्या दगडखाणींचे हादरे हे त्या कामापुढचे मोठे संकट ठरले. दगड पडला तर माणूस पुन्हा रचू शकतो. डोंगरच उचलला तर रचावयाचे कोठे?

पायी आलेली माणसे

या वाटांशी मराठी माणसाचे नाते शिंद्यांच्या छावणीपासून सुरू होते असे आपण समजतो. ते फार जुने आहे. आठव्या शतकातील विदर्भाच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ नाटकाची कथा पद्मावती नगरीत घडविली. त्याचा नायक माधव विदर्भातील कुंडिनपुराहून तेथे शिकावयास आलेला विद्यार्थी आहे. ती पद्मावती म्हणजे डबऱ्याजवळचे, सिंध आणि पार्वती यांच्या संगमावरचे पवाया, हे गर्दे यांनी नाटकातील नद्यांची वर्णने प्रत्यक्ष भूमीशी ताडून १९१५-१६ च्या पुरातत्त्व अहवालात मांडले. ग्रंथ हाती घेऊन नदीकाठाने चालल्यावाचून तो निर्णय झाला नसता. १८५७ साली कोकणातील वरसई गावाहून निघालेले विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून याच प्रदेशात आले. त्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले ‘माझा प्रवास’ भारताचार्य वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी गायन शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. विद्या, धर्म आणि गाणे ही तिन्ही या वाटांनी आली-गेली आहेत.

आपले काम

युरोपात सांतियागोच्या यात्रेची वाट जुने दुर्ग व प्रार्थनामंदिरे यांच्या कडेने शेकडो मैल जाते. १९८७ साली तिला युरोपचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता मिळाली. तेथे मोठी यंत्रसामग्री नाही. वळणावळणावर शिंपल्याची खूण आहे आणि वाटेवर चालणारे लोक आहेत, एवढेच. आपल्याकडे पंढरीची वाट तशीच चालणाऱ्यांनी जिवंत ठेवली. २०२४ साली ग्वाल्हेरचा किल्ला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु यादीने वास्तूला संरक्षण मिळते. वाटेला ते चालणाऱ्याच्या पायांनीच मिळते. ज्या वाटेने कोणी जात नाही ती आधी ओस पडते, मग घाण होते आणि शेवटी बंद होते.

लष्करातील मराठी घरे आता विरळ होत आहेत. मुले दूरच्या शहरांत आणि परदेशी आहेत. वाड्यांची कुलुपे वाढत आहेत. अशा वेळी मराठी शाळेने काय जपावे, हा प्रश्न भाषणाने सुटणारा नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. दरवर्षी कार्तिकानंतर, ऊन कोवळे झाल्यावर, नववीच्या वर्गाने पहाटे पूर्वेच्या दरवाजाने किल्ला चढावा. चतुर्भुज मंदिरापाशी थांबून प्रत्येकाने वहीत २७० हा अंक लिहावा. सोबत पाणी न्यावे, कचरा परत आणावा, दगडावर नाव कोरू नये. माजी विद्यार्थ्यांनी मितावली-पडावलीच्या एका सहलीचा खर्च आपसांत वाटून घ्यावा. मुलांनी जे पाहिले ते लिहावे आणि ते हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात राहावे. दहा वर्षांत त्या दहा वह्या या किल्ल्याविषयीचा एक लहानसा पण अस्सल दस्तऐवज होतील.

गुरुजींचे स्मारक याहून वेगळे असावे असे मला वाटत नाही.